‘येते’चं इंग्रजी

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
१ ऑगस्ट २००४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून पत्र.

इथे फेस्टिव्हलमध्ये एक ब्रिटिश सिनेमा पाहिला. मुळातलं नाटक. एकच स्वयंपाकघर, तीनच माणसं, खर्चही बेताचा असावा. त्यातली मुलगी बॅग उचलते आणि दारात थांबून पाठमोऱ्या आईला ‘आय ॲम कमिंग’ म्हणते. आई नळाखाली भांडी घासत राहते. मुलगी जाते, ती परत येतच नाही.

थिएटरात लोक हसले, त्यांना ती चूक वाटली. माझ्या अंगावर काटा आला. घरातून निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणणारी माणसं आपलीच ना रे?

नाटक लिहिणारीचं नाव सू लेन. तेरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली आपली धाकटी बहीण सुलेखाच तर नसेल? चंद्रहास म्हणतो, एका वाक्यावर किती भार टाकशील. आरवच्या मते त्याच्या आईकडे इमॅजिनेशन हीप्स, म्हणजे ढीगभर, आहे. मीही स्वतःला दटावते. पण ही तीच असेल, तर ती आईला सांगून गेली. तू तर म्हणाला होतास, कोणालाही न सांगता गेली. तुला काही माहीत आहे का? तुझ्यावर संशय घेताना लाज वाटते, तरी विचारते.

रागावलास तरी चालेल, उत्तर मात्र धाड.

तुझी,
निवेदिता

पुणे
१७ ऑगस्ट २००४

चि. निवेदितास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी चिवड्यातले काजू संपले की चोर मीच ठरायचो. तुझी सवय गेलेली नाही.

सुलेखा गेली तेव्हा मी कामावर होतो. न सांगता गेली, हे मला आईनेच सांगितलं. म्हणून तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती कोथिंबीर निवडत राहिली. मग एवढंच विचारलं, सिनेमातली आई ‘ये’ म्हणते का? मी पत्र पुन्हा पाहिलं आणि नाही म्हणालो. त्यावर म्हणाली, मी म्हटलं होतं. नळ चालू होता.

इतकी वर्षं लपवलंस का, विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, अडवलं का नाहीस.

त्या सू लेनचा पत्ता शोध. तीच निघाली, तर खालची ओळ तिला पाठव. आईने स्वतः लिहिली आहे. मायना, लोभ, काही घालू दिलं नाही.

तुझा (अजून निर्दोष),
सुधाकरदादा

ये.