दुसऱ्या भागातला मी

ओलावारिया,
ऑक्टोबर अखेर

प्रिय नेलिदाताईस,

धाकट्या भावाकडून गालाला गाल लावून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नेउकेनच्या वाऱ्याने तो दुखतो असं तू लिहिलं होतंस. इकडे वारा नाही, सिमेंटची धूळ आहे, आणि माझे दोन्ही गुडघे ठीक आहेत. बाकी काही ठीक नाही. फोन न करता टपालाने लिहितोय, कारण तुझे निरोप लेआंद्रो वाचून दाखवतो आणि हे पत्र त्याच्याबद्दल आहे. (त्याच्याविषयी तक्रार नाही. तुझा पोरगा हुशार आहे. तक्रार असलीच तर तीच आहे.)

त्याने बनवलेला ‘चार खुर्च्या’ हा पहिला खेळ तू पाहिला असशील. फोनवर पत्त्यांचा त्रुको खेळायचा. एक खुर्ची आपली, समोर जोडीदार, दोन्ही बाजूंना विरुद्ध जोडी, आणि त्या तिघांना फोन चालवणार. बाबा म्हणायचे, त्रुकोत हातात तीन पत्ते असतात आणि बाकी सगळं तोंड असतं. पत्ते नसताना असल्यासारखं ओरडायचं, असताना मेल्यासारखं बसायचं, आणि खरं काय ते जोडीदाराला भुवया-ओठांच्या खुणांनी कळवायचं. पहिल्या भागात नेमकं तोंडच नव्हतं. जोडीदाराच्या जागी एक टोपी होती आणि टोपीखाली मिशी. टोपी कधी थाप मारत नसे. चांगला पत्ता आला की बोली वाढवायची, नाही आला की पळून जायची. आमच्या क्लबात प्रत्येकाने एकेक डाव खेळून पाहिला आणि सगळ्यांचं एकमत झालं की ही टोपी मास्तरांसारखी खेळते. मास्तर म्हणजे मी. त्या पहिल्या भागाला माझाही हातभार होता. प्रत्येक डाव संपला की खेळणारा कुठे चुकला याचं विवेचन पडद्यावर येई. ते मी लिहिलं होतं. ते पूर्ण सरकेपर्यंत पुढचे पत्ते वाटले जात नसत. कोर्दोबाहून एका बाईने लेआंद्रोला कळवलं होतं की विवेचन चालू असताना तिची सगळी इस्त्री आटोपते. मी ती स्तुती समजलो होतो.

ईस्टरला लेआंद्रो इकडे आला तो दुसऱ्या भागाच्या तयारीने. या वेळी जोडीदाराला खरा चेहरा हवा होता आणि त्याने माझा निवडला. (का, ते मी विचारलं नाही. चांगल्या गोष्टीचं कारण विचारू नये.) त्याने माझ्या तोंडावर पांढरे ठिपके चिकटवले, स्वयंपाकघरात दिवे आणि कॅमेरा लावला आणि मला खुणा करायला सांगितल्या. तलवारीच्या एक्क्याला, म्हणजे सगळ्यात मोठ्या पत्त्याला, भुवया वर. सत्तीला ओठाचा कोपरा. तिरीला खालचा ओठ दातात. हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. मग तो म्हणाला, “मामा, ह्या तर सगळ्यांच्या झाल्या. तुझ्या आणि रुफीनोकाकांच्या स्वतःच्या काही असतील ना?”

होत्या. रुफीनो एचारी आणि मी, मी शाळेत रुजू झालो त्या वर्षापासून समोरासमोर बसतोय. आमची एक खूण होती. मी भुवया उडवायचो, तेही विरुद्ध जोडीला दिसेल अशा बेताने, आणि मग चष्मा नीट करायचो. चष्म्याला हात म्हणजे आत्ता केलेली खूण खोटी. विरुद्ध जोडी एक्क्याला घाबरून पळायची आणि एक्का कधी माझ्याकडे नसायचा. या एका चष्म्यावर आम्ही क्लबाच्या स्पर्धेत इतकी बक्षिसाची कोकरं भाजून खाल्ली की रुफीनोच्या डॉक्टरला दखल घ्यावी लागली. अशी खूण माणूस बायकोला सांगत नाही. मी ती लेआंद्रोला सांगितली, त्याला नीट दिसावी म्हणून तीनदा करून दाखवली, आणि तिचा उगम व विकास यांवर थोडं बोललोही. कलेसाठी करतोय असं मला वाटत होतं.

सप्टेंबरात दुसरा भाग आला. ताई, मी आयुष्यभर मुलांच्या निबंधांना गुण दिले आहेत, तेव्हा निःपक्षपातीपणे सांगतो: पहिल्यापेक्षा तो प्रत्येक बाबतीत चांगला आहे. पत्ता टेबलावर पडतो तेव्हा पत्त्यासारखा वाजतो. मेणकापडावर वाइनचा डाग आहे. विरुद्ध जोडीतला एक जण विचार करताना नाक ओढतो. फोन आता थापा मारतो, आणि थाप पकडली गेली की ओशाळतो. जोडीदार म्हणून मी बसलेला आहे, माझ्या राखाडी स्वेटरमध्ये. मी वेळेवर खूण करतो. खेळणाऱ्याची चूक झाली तर भुवई किंचित हलते, आणि तेवढंच. विवेचन काढून टाकलं आहे. पहिल्या भागातलं काय नसल्यामुळे बरं वाटलं, असं लोकांना विचारलं तर सगळे तेच सांगतात. एका मुलाने तर लिहिलंय की या म्हाताऱ्यासारखा मामा प्रत्येकाला मिळो. त्या मुलाला माझा पत्ता कळवावा असं वाटलं होतं, पण मग त्याचा भ्रमनिरास झाला असता.

खेळाच्या सुरुवातीला नवशिक्यांसाठी पाठ आहेत. तिसऱ्या पाठाचं नाव ‘चष्मा’.

मी पाठ पाहिलेच नव्हते. मला त्रुको येतो, मी कशाला पाहू? त्यामुळे शेजारच्या इनोहो गावच्या क्लबातल्या गालार्सा भगिनी मैत्रीचा सामना खेळायला आल्या तेव्हा मी निर्धास्त होतो. या दोघी बेकरी चालवतात आणि मैद्याच्या हातांनी पत्ते धरतात. डाव शेवटच्या गुणावर आला. माझ्या हातात चव्वी, पंजी आणि छक्की, म्हणजे काहीच नाही. मी भुवया उडवल्या. मग चष्मा नीट केला.

थोरली गालार्सा पत्त्यांवरून नजरही न उचलता म्हणाली, “मास्तर, चष्मा राहू द्या. तिसऱ्या पाठात झालंय ते.”

धाकटी म्हणाली, “आमच्या छोट्या चिमीलासुद्धा येतं. जेवताना आजीच्या चष्म्याला हात लावते आणि म्हणते, भाजी खाल्ली.”

अख्खा क्लब हसला. कँटीनमधली मिर्ता तर ट्रे ठेवून हसली. फक्त रुफीनो हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

“कुणाला सांगितलंस?”

“भाच्याला.”

“आणि भाच्याने?”

यावर मी खांदे उडवले. (ही खूण नव्हती, पण धाकटीने तीही लक्षात ठेवली.) रुफीनोने पत्ते पालथे ठेवले, उठला आणि मागच्या अंगणात जाऊन लोक लाकडी चेंडू टाकत होते ते बघत उभा राहिला. रुफीनोला त्या खेळात काडीचा रस नाही.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. माणूस ओरडला असता तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. मी त्याच्या घरी गेलो. जाताना नव्या खुणांचा आराखडा घेऊन गेलो, टंकलिखित, प्रत्येक खुणेखाली टिपेसह. त्याने दार अर्धंच उघडलं आणि कागद हातात न घेता विचारलं, “हा पण भाच्याला पाठवलास का?” मी नाही म्हणालो. (पाठवला नव्हता. विचार मनात येऊन गेला होता.) दार लागलं. मांसाचे मिलानेसा काप तळल्याचा वास बाहेर आला. एरवी मला बसवून घेतलं असतं.

आता मुख्य गोष्ट. क्लबाच्या वर्धापनदिनाची स्पर्धा नोव्हेंबरच्या मध्यावर आहे. जोड्यांची नावं देण्याची मुदत संपत आली. रुफीनोने आपलं नाव दिलंय, जोडीदाराचं दिलेलं नाही. दुसऱ्या कुणाचं दिलं असतं तर मी समजून घेतलं असतं. निदान झोपलो असतो. रिकामी जागा बघून झोप लागत नाही. मी मिर्ताला विचारलं, तो हल्ली कुणाबरोबर खेळतो?

“तुमच्याबरोबरच की, मास्तर,” ती म्हणाली. “रोज दुपारी. त्या कोपऱ्यात.”

“माझ्याबरोबर?”

“तुमच्याबरोबर म्हणजे, त्या सुधारलेल्याबरोबर.”

मी दुसऱ्या दिवशी मिर्ताच्या काउंटरआड उभा राहून पाहिलं. खरं होतं. रुफीनोने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि पलीकडे मी बसलो होतो, राखाडी स्वेटरमध्ये. तो पत्ता टाकत होता, मी खूण करत होतो. एकदा त्याने चूक केली. मोठी. तिरी राखायची ती टाकली. काउंटरआड माझ्या तोंडात तीन वाक्यं तयार झाली. पण फोनमधल्या माझी भुवई किंचित हलली, आणि तेवढंच. रुफीनो हसला. मग त्याने येर्बाच्या कडू काढ्याचा पेला भरला, आणि ताई, खोटं नाही सांगत, तो त्याने फोनसमोर ठेवला. थोडा वेळ थांबला. मग स्वतःच प्यायला.

मी मागच्या दाराने घरी आलो. तेव्हापासून मीही तो खेळ खेळतो. स्वतःला जोडीदार घेतो. आम्ही जिंकतो. तो चांगला माणूस आहे. त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. सुधारित आवृत्ती निघाली की मूळ प्रतीचं करायचं काय, हा प्रश्न मी वर्गात बऱ्याचदा विचारला आहे. मुलं खिडकीबाहेर बघायची.

असो. गुडघ्याला ऊब दे. भावजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग. बेकरीचा ब्रेड मी बंद केला आहे, कारण गालार्सांची गाडी आमच्या गल्लीत येते आणि धाकटी मला बघून चष्म्याला हात लावते. तिला चष्मा नाही.

तुझा,
ओरेस्ते

ता. क. खेळाबद्दल माझी काही मागणी नाही. विवेचन परत आणावं असंही नाही. ज्याला हवं त्याच्यासाठी ते कुठे तरी आडबाजूला ठेवता येईल का, एवढंच लेआंद्रोला सहज विचार. उत्तर नाही आलं तरी चालेल.

ता. क. वरचं विचारू नकोस. खरं विचारायचं ते वेगळंच आहे. लेआंद्रो दर थोड्या दिवसांनी खेळात बारीकसारीक दुरुस्त्या पाठवतो असं ऐकतो. येत्या दुरुस्तीत, फक्त रुफीनोच्या फोनवर, फोनमधला मी एखाद्या डावाच्या शेवटी त्याच्याशी दोन शब्द बोलू शकेल का? रुफीनो माझ्यापुढे दार लावतो, पण फोनमधल्या माझ्यापुढे पेला ठेवतो. शब्द मी लिहिले आहेत. चार पानं झाली. पाकिटात बसली नाहीत. तुझी कल्पना म्हणून सांग. माझं नाव निघालं तर लेआंद्रो त्याचाही चौथा पाठ करेल.

ता. क. चार पानं मी फाडली. शब्द नकोत. आपल्याकडे हातात काहीच नसेल तर दोन्ही डोळे मिटायचे, ही खूण लेआंद्रोने माझ्याकडून घेतलीच नव्हती, कारण ती मी कधी करत नाही. रिकामा हात मी रुफीनोलाही कधी दाखवला नाही. दर वेळी काही तरी सबब सांगितली. लेआंद्रोने फोनमधल्या मला एकदा डोळे मिटायला लावावेत. फार वेळ नको. रुफीनोला कळेल. फक्त त्या वेळी विरुद्ध जोडी बघत नसावी, एवढं त्याला नीट सांग.