मोटर ओके

शुक्रवार संध्याकाळ, कुरुळी

डोकं अजून तापलेलंच आहे. कंपनीत प्रेस मशीनवर पत्र्यानं कापलेली माझ्या डाव्या हाताची नस किती जुळली, ते बघायला आज तपासणी होती. डॉक्टरबाईंनी कोपराशी करंट दिला आणि करंगळी किंचित उडाली. "सिग्नल पोचतोय, पण फार अशक्त आहे. स्पर्श कळायला अजून वेळ लागेल," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. सोबत आलेल्या आमच्या सुपरवायझरनं मात्र उडालेली करंगळीच तेवढी पाहिली. तिथूनच कंपनीत फोन लावला, "हात चालू झालाय, सोमवारपासून प्रेसवर घ्या."

मी म्हणालो, "साहेब, बोट मी नाही हलवलं, करंटनं हललं."

"अरे भावा, सप्लाय दिल्यावर मोटर फिरली ना? मग मोटर ओके."

माझा हात म्हणजे काय रिपेअरला टाकलेली मोटर आहे?

घरी चहाचा ग्लास त्याच हातात धरला. "अहो, बोट भाजतंय," म्हणत बायकोनं तो काढून घेतला. करंगळी लालबुंद झाली होती, मला पत्ताच नाही.

सोमवारी हीच करंगळी प्रेसखाली राहिली, तर तेही मला दुसरंच कुणीतरी सांगेल.