इंजेक्शननंतरची दहा मिनिटं

मॅडम,

काल तुमची फार आठवण आली. तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली आणि तुमच्या हाताखालचा मी आता मीरा रोडच्या एका सेंटरमध्ये मेंदूच्या रक्तप्रवाहाचे स्कॅन करतोय. ऐकून तुम्ही हसला असतात. शिकाऊ असताना पहिल्याच महिन्यात मी घोळ घातला होता. अंधाऱ्या खोलीत एका बाईंना औषध टोचलं, त्या घाबरल्यात असं वाटलं, म्हणून विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" त्या संगमेश्वरच्या निघाल्या, आम्हीही तिकडचेच. मग काय, दोघंही सुरू! तुम्ही मला बाहेर बोलावून म्हणालात, "अरे, टोचल्यावर दहा मिनिटं मेंदूत रक्त जिथे धावतं तेच चित्रात येतं, बोललं की ते बोलण्याच्या भागात धावतं. आता मी आजार बघू की तुमच्या गावच्या गप्पा?" मला रडूच फुटायचं बाकी होतं. पण त्या बाईंना तुम्ही "चूक आमची आहे, परत यावं लागेल" एवढंच सांगितलंत. माझ्याकडे बोट दाखवलं नाहीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

काल इथल्याच इंद्रलोक वस्तीतली एक मुलगी आली. शरीर स्वतःवरच उलटतं आणि रक्तात गुठळ्या होतात, तो आजार. दोनदा गर्भ पडलाय. आता गॅसवरचं दूध विसरते, बोलता बोलता शब्द सापडत नाहीत. एमआरआय मात्र स्वच्छ. सासू दारातच मला म्हणाली, "काय नाय हो तिला, कामाचा कंटाळा आलाय." मी टोचतो आणि कोपऱ्यात उभा राहतो. ती काहीतरी विचारणार असं दिसतंय, मी मानेनेच नको म्हणतो. बडबड्या माणसाला ती दहा मिनिटं आजही जड जातात, पण तुमच्यामुळे निभावतात.

चित्र आलं. कपाळामागे दोन्हीकडे रक्त कमी. टेबलावरून उतरताना तिने विचारलं, "सर, काही दिसलं का? नाहीतर घरी परत तेच ऐकायचंय मला." निकाल डॉक्टरांनीच सांगायचा, हे तुम्ही मला घोकून घेतलं होतंत.

मी म्हटलं, "दिसलं. तुझं खरं आहे."

ती तिथेच स्टुलावर बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. संध्याकाळी डॉक्टरांनी सासूला समोर बसवून सगळं नीट समजावलं. पण त्या मुलीला मी आधीच सांगून टाकलं होतं, हे मॅडम, मी अजून कुणालाच बोललेलो नाही.