आबांचं लंघन

यावल,
गुरुवार, ता. १२ डिसेंबर १९५७

चि. सौ. सुगंधास,

आईचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तू आणि जावईबुवा बरे असाल असं धरून चालते.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. आजवर तुला गेलेली सगळी कार्डं तुझ्या भावानं लिहिली. मी सांगायची आणि गिरधर लिहायचा. त्यातलंही निम्मं, "आई, एवढं कार्डात मावत नाही," म्हणून गाळायचा. हे पाकीट मी स्वतः लिहिते आहे. वाचायला मी कशी शिकले हे तुला ठाऊकच आहे. आबा बाजारातून भजी आणायचे, तुम्ही ती खायचात आणि मी कागद खाली ठेवून वाचत बसायची. बातमी रंगात आली की नेमका तेलाचा डाग यायचा. लिहायला मात्र आबा गेल्यावर शिकले. दुपारी घर रिकामं असतं आणि हाताला काही तरी लागतं. काना-मात्रा चुकल्या असतील. जावईबुवा शाळामास्तर आहेत, त्यांना हसू दे. तू हसू नकोस.

थंडी चांगली पडली आहे. केळीला जपावं लागतं आहे, गिरधर सकाळी बागेतच असतो. सूनबाईचं, कमलचं, बरं चाललं आहे. तिच्या हाताला मिठाचा अंदाज अजून नाही, पण बट्ट्या छान करते, आतून मऊ आणि वरून खुसखुशीत. आबा असते तर चार खाऊन म्हणाले असते, "कमल, पाचवी कशी झाली बघू."

बामणोदची वांगी आली आहेत. परवा पहिलं भरीत केलं. तुला आठवतं, आबा वांगी भाजायला स्वतः बसायचे. पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ दुसऱ्या कोणी केला तर त्यांना पटायचं नाही. वांगं उलटं करताना ते त्याच्याशी बोलायचे, "झालं गं, आता थोडंच राहिलं." मग लाकडी बडगीत ठेचायला मला बोलवायचे आणि मी ठेचत असताना बोट घालून चाखायचे. सकाळचं जेवण चालू असताना संध्याकाळी काय करायचं ते विचारणारा माणूस होता. तुझ्या लग्नाच्या पंगतीतून सगळे उठले तरी तुझा बाप आचाऱ्यापाशी उभा. वरणात काय घातलं ते विचारून घेत होता आणि इकडे पाठवणीसाठी तुझ्या नावानं हाका चालल्या होत्या.

आता घरात जेवण होतं. जेवणाविषयी कोणी बोलत नाही.

तुला लिहायचं होतं ते हे नव्हे. कार्तिकात वर्षश्राद्धाला तू आलीस. सकाळपासून राबलीस. पानं मांडलीस, सगळ्यांना वाढलंस, म्हाताऱ्यांना आग्रह केलास. बायकांची पंगत बसली तेव्हा कमलनं तुझं पान मांडलं आणि हाक मारली. तू म्हणालीस, "मला नको. पोट बिघडलंय, लंघन आहे."

नंतर मी गुरांना पाणी दाखवायला मागं गेले, तर तू खळ्यात निंबाखाली बसली होतीस. मांडीवर फडकं उघडलं होतंस आणि धुळ्याहून आणलेली दशमी खात होतीस. तू मला पाहिलंस आणि तरी खात राहिलीस. मी बादली घेऊन परत आले.

सुगंधा, ते शब्द माझेच होते. ते ऐकल्यावर मला कळलं की तुला सगळं ठाऊक आहे. आणि त्या दिवसापासून

कमल हाक मारते आहे, शेण काढणारी बाई आली. उरलेलं उद्या लिहीन.

शुक्रवार, दुपार

काल वाक्य अर्धं राहिलं, ते आता पुरं होत नाही. दुसरीकडून सुरू करते.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा गिरधर झाला. त्या चार वर्षांत माझी आई माझ्याकडे सहा-सात वेळा आली असेल. दर वेळी स्वतःची भाकरी बांधून आणायची आणि विहिरीवर बसून खायची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मी घरात चुलीपाशी आणि ती बाहेर विहिरीवर. गिरधरच्या बारशाला ती माझ्या घरी पहिल्यांदा जेवली. मला वाटायचं, लेकीवर भार नको म्हणून आई हे करते, म्हणजे हे आईचं प्रेमच. मग तुझं लग्न झालं तेव्हा मीही तेच करायचं ठरवलं. ते तुला कसं वाटतं, हे मी कधी विचारलं नाही. मला स्वतःला तेव्हा कसं वाटायचं, तेही आठवून पाहिलं नाही.

आबांना ही रीत पहिल्यापासून पटली नव्हती. पहिली वर्षं ते एकटेच तुझ्याकडे येत आणि माझ्या धाकानं पाणी-सुपारीवर परतत. दोन वर्षांपूर्वी पौषात आम्ही दोघं आलो, ती खेप तू विसरली नसशील. जळगावला गाडी बदलताना ते म्हणाले,

"या खेपेला मी लेकीकडं जेवणार."

"काही नको. रीत मोडायची नाही."

"रीत कोणी घातली?"

"मोठ्यांनी."

"ते तर गेले. आता मोठा मीच."

मी तोंड फिरवून बसले. पारोळ्यापर्यंत ते तू काय केलं असशील त्याचा अंदाज करत होते. शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यांनी त्यात ओढलं.

तू भरीत केलं होतंस. दारातच वास आला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, तळलेल्या मिरच्या, कांद्याची पात. आबा पाय धुऊन थेट पाटावर बसले, धोतर आवरलं, डावा हात मांडीवर ठेवला. तू भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवणार, तेवढ्यात मी म्हणाले, "त्यांना वाढू नकोस. पोट बिघडलंय, लंघन आहे." आणि माझा उपास आहे म्हणून सांगितलं.

पोट बिघडलं नव्हतं. उपासही नव्हता.

त्यांना मला खोटं पाडता आलं असतं. पण लेकीसमोर त्यांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, ताटाला हात जोडले आणि उठले. तू म्हणालीस, "आबा, नुसतं वरणाचं पाणी तरी घ्या." ते म्हणाले, "नको बेटा, पुन्हा येईन." तुझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. मी तो पाहिला आणि पाहिला नाही असं केलं.

तू म्हणशील, आई इतकी हट्टी कशाला झाली? तेव्हा तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. आपल्या शेजारच्या भिकुबाईनं मला सांगितलं होतं की एका घरी आई-बाप घाई करून लेकीकडं जेवले आणि तिची कूस कायमची मिटली. मी ते खरं मानलं. मला वाटायचं, मी उपाशी राहून तुझी राखण करते आहे. तुझं दार धरून बसले आहे. आतली माणसंच बाहेर राहतात हे मला दिसलं नाही.

आता पुढचं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

स्टँडवर आलो तर गाडीला अडीच तास होते. सकाळची शिदोरी संपली होती. आबांनी तासभर कळ काढली, मग समोरच्या हॉटेलाकडे बोट केलं. मी जन्मात हॉटेलात बसले नव्हते. पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांनी शेवभाजी आणि भाकरी मागवली. चांगली होती, सुगंधा. खोटं कशाला सांगू, मलाही भूक लागली होती आणि मी खाल्लं. रस्सा असा तिखट की आबांच्या कपाळावर घाम आला. ते म्हणाले, "बरी आहे. पण तिकडचा वास काही जात नाही नाकातून." मी म्हटलं, "गप जेवा."

तेवढ्यात जावईबुवा आले. तू त्यांना डॉक्टरकडे धाडलं होतंस, आबांच्या पोटासाठी औषध आणायला. ते सायकल दामटत स्टँडवर आले, आम्हाला शोधलं, आणि सापडलो ते शेवभाजीच्या ताटावर. ते क्षणभर उभे राहिले. मग पुड्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "आबा, जेवण झाल्यावर घ्या." आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. आबांना नमस्कार केला, मला केला, आणि गेले. त्यांनी घरी येऊन तुला सांगितलं असणार. सांगायलाच हवं होतं.

आबांनी ताट सरकवलं. म्हणाले, "धुरपदा, ऊठ. मागं जाऊ. पाटावर बसू, भरीत खाऊ, आणि तिला सांगू चुकलं म्हणून."

मी म्हटलं, "आता कोणत्या तोंडानं जायचं?"

"ज्या तोंडानं हे खाल्लं त्याच."

मी उठले नाही. गाडी लागली तेव्हा त्यांना घेऊन बसले. रीत पाळली हे माझं चुकलं, की खोटं बोलले हे चुकलं, याचा मी पुष्कळ विचार केला. पण खरी चूक तिथं झाली. तुझं घर हाकेच्या अंतरावर होतं आणि मी उठले नाही.

आणखी एक सांगते. घरी आल्यावर त्या पुड्या त्यांनी रोज एक अशा घेतल्या. सहा होत्या. पोटाला काही झालेलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, कडू औषध उगाच कशाला घेता?" तर म्हणाले, "लेकीनं दिलेलं तेवढं तरी पोटात जाऊ दे."

मी त्या वेळी हसले होते.

पुढं ते आजारी पडले तेव्हाही दोनदा म्हणाले, धुळ्याला जाऊ. मी म्हटलं, सुगंधाकडून काही गोड बातमी कळू दे, मग जाऊ. ते कळायची वाट पाहता पाहता कार्तिक आला आणि ते गेले. तुझ्या घरचा एक घास त्यांच्या पोटी गेला नाही, तो माझ्यामुळे. त्यांनी तुला कधी परकं केलं नाही. आबांचा राग धरला असशील तर तो सोड. माझा धर.

शनिवार

काल पत्र घालायला निघाले होते, परत आणलं. अजून थोडं राहिलं होतं.

तुझ्या लग्नाला येत्या माघात आठ वर्षं होतील. या आठ वर्षांत मी तुझ्या दारात जेवले नाही, आबांनाही जेवू दिलं नाही, म्हणजे दर खेपेला तुला सांगत आले की तुझं घर अजून पुरं झालेलं नाही. तोंडानं कधी म्हटलं नाही, पण ताट नाकारून तेच म्हटलं. मूल होईल न होईल, ते कोणाच्या हातात नाही. पण तू रोज चूल पेटवतेस, दोन माणसं तिथं जेवतात, आल्या-गेल्याला वाढतेस. ते घर पुरं आहे. मला हे कळायला फार वेळ लागला.

मी पुढच्या रविवारी, बावीस तारखेला येते आहे. गिरधरला सांगितलं. तो म्हणाला, "आई, लोक नावं ठेवतील." मी म्हटलं, "लोकांनी आजवर मला जेवायला कुठं घातलंय?" भिकुबाई कुंपणापाशी आलीच, धुळ्याचं विचारायला. "काबरं वं अक्का, धुयाले चालली म्हने? लेकीकडं जेवाले? अजून तर पाळना हालेल नही." मी म्हटलं, "पाळणा हलो न हलो, माझं पोट रिकामं आहे." ती तोंडावर पदर घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असेल. होऊ दे.

शिदोरी बांधणार नाही. वांगी, केळी, ज्वारीच्या बिबड्या, काही आणणार नाही, कारण आणलं की मी आपलंच खाल्लं असं मन म्हणेल. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघेन आणि तुझ्याकडे दुपारी पोचेन. जे तुमच्या दोघांसाठी केलेलं असेल ते वाढ. शिळं असेल तर शिळं वाढ. जावईबुवांसमोर मला पाटावर बसव, त्यांचीही मला माफी मागायची आहे.

तुला वाढायचं नसेल तर तसं आधी कळवू नकोस, मी तरी येणारच. तू दार उघडून नुसतं पाणी दिलंस तर पाणी पिऊन परत फिरेन आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येईन. तू माझ्यासारखं करावंस असं मला म्हणता येत नाही, आणि करू नकोस असंही म्हणता येत नाही. तुझा हक्क आहे. पण मी येत राहीन. मला आता दुसरं काही काम नाही आणि गाडी रोज असते.

जावईबुवांना आशीर्वाद. थंडीत कान बांधून सायकल चालवा म्हणावं.

बावीस तारखेला तुझ्या दारात उपाशी पोटी येणारी,
तुझी आई