आटपाट नगराचा रस्ता

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे दोन अंगं कमी पडली, सांभाळून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि एकट्यासाठी लावलेला भात अजून दोघांचाच होतो का?

इकडे माझी पुरती शोभा झाली. शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास माझा, जगभरच्या पुराणकथा नि लोककथा सांगायचा. दुपार कललेली असते, फळ्यावर पडद्याची सावली हलत असते, मुलं बाकावर हनुवट्या टेकून ऐकतात, आणि मलाच वाटू लागतं की खिडकीबाहेर समुद्र आलाय. (बाहेर सायकली लावतात.) अशा तंद्रीत, गोष्ट बर्फाच्या राक्षसाची असो की गुहेत रुसून बसलेल्या सूर्याची, तोंडून पहिलं वाक्य निघतं ते लहानपणी तुमच्याकडून ऐकलेलं : आटपाट नगर होतं.

परवा तपासणीला साहेब आले. जगाचा नकाशा टांगून त्यांनी विचारलं, विस्तव चोरणारा कुठला? अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "आटपाट नगरातला!" आणि राक्षस? तोही तिथलाच, विस्तववाल्याला खेटून घर, म्हणून तर बिचारा वितळतो. सूर्याची गुहा पलीकडच्या गल्लीत. बायकोला पाताळातून परत आणताना मागे वळून पाहणारा माणूस नाक्यावर राहतो. (त्याला शेजाऱ्यांनी बजावायला नको होतं का, असं मुलांनी साहेबांनाच विचारलं.) साहेब नकाशात ते नगर शोधू लागले, हो मामा, चष्मा पुसून! मोठ्या बाईंनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आता तो तास गणिताला जाणार म्हणे.

तुम्ही जन्मभर जमिनी मोजल्यात, नकाशे काढलेत. असं नगर कुठेही नाही, एवढं शाळेत येऊन मुलांना सांगाल का?

तुमची,
भाची

ता. क. : तासाचं सोडा, गेला तर गेला. पहिल्या बाकावरच्या मुलीची आजी नुकतीच वारली. काल शाळा सुटल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "बाई, मी मागे वळून नाही बघणार. फक्त रस्ता सांगा."

आणखी एक ता. क. : तिला 'नाही' म्हणायला माझी जीभ रेटेना. 'मामांना विचारते,' म्हणाले मी. मामी गेल्यावर तुम्हीही तो रस्ता शोधलाच असेल ना? काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. शुक्रवारी ती फाटकाशी उभी राहणार आहे. उशीर केलात तर एकटीच निघेल.