दहा ते एक

१० नोव्हेंबर, सोमवार
उशीर झालाच! व्हिडिओ पावणेदोनला पोचला. नऊला कच्चं शूटिंग येतं, कापून-जोडून एकच्या आत परत पाठवायचं — एवढंच तर काम! पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "चाचणीचा आठवडा आहे. आणखी एकदा उशीर झाला तर थांबवूया." घरबसल्या अशी नोकरी पुन्हा कुठली मिळायला!

११ नोव्हेंबर
राउटर बंद-चालू केला. वायर बदलली. टीव्ही बंद. शूटिंग उतरतं झरझर, पण पाठवायला घेतलं की मुंगीच्या पावलानं. बारा छपन्नला गेलं.

खालच्या मायाक्का सकाळी भाकरी केंद्रावर कामाला जाताना दोन कडक भाकऱ्या देऊन गेल्या. "तोंड का उतरलंय गं? हुईल की सगळं." घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, तरी हसत असतात.

१२ नोव्हेंबर
बारा एकोणसाठ! संध्याकाळी केबलवाला शिवू आला. मोजलं तर स्पीड फर्स्टक्लास. "ताई, लाइन ओके हाय की." अरे बाबा, दहा ते एकमध्येच रडतं, तीनदा सांगितलं तुला! जाता जाता एक मात्र शिकवून गेला — राउटरला कोण कोण जोडलंय त्याची यादी मोबाइलवर दिसते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सापडला चोर! दहा वाजले आणि यादीत एक नवीन आलं — नाव नाही, नुसते आकडे. सारखं काहीतरी पाठवतंय. आई अक्कलकोटला मावशीकडे. तिनं कुणाला पासवर्ड दिलाय का विचारायला फोन केला, उचलला नाही. थांबायला वेळ कुणाला? पासवर्डच बदलला. बसा बोंबलत! व्हिडिओ सव्वाबाराला गेला.

१४ नोव्हेंबर
अकरा पन्नास!! "सोमवारपासून कायम," मॅडम म्हणाल्या. एकटीच नाचले घरभर.

१५ नोव्हेंबर
आई आली. पाठोपाठ मायाक्का. त्यांचे यजमान ईश्वरप्पा काल खाटेवरून पडले, दोन तास तसेच फरशीवर. एरवी दहा ते एक त्या कामावर असताना कॅमेरा चालू असतो, मुलगा अभिमन्यू पुण्यातून त्यात बघत असतो, काही झालं की शेजाऱ्यांना फोन करतो.

"दोन दिस झालं क्यामेरा बंद हाय. तुमच्याच वायफायवर चालतुय न्हवं? तू लई शिकलीस प्रिया, बघ की जरा."

आई म्हणाली, "अगं, पासवर्ड मीच दिला होता. तुला सांगायचंच राहिलं."

खाली गेले. नवा पासवर्ड टाकला. लगेच सुरू झाला. मायाक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काकांच्या कपाळावर पट्टी. मला तिकडे बघवेना.

कॅमेरा का बंद पडला होता, ते सांगितलं नाही.