न्यायालयाच्या खांबांचे पोट

ती. दाजी यांस,

सादर नमस्कार. तुमची पाठ आणि ताईचा खोकला, दोघांनीही एव्हाना औषधाचे ऐकायला सुरुवात केली असावी, अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक, म्हणजे कोणी विचारत नाही.

एक कोडे तुम्हालाही पडले असेल. आमच्या जिल्हा न्यायालयाचे दर्शनी खांब रस्त्यावरून सरळसोट दिसतात. जवळ जाऊन मिठी मारावी (मी मारली आहे, पहारेकऱ्याने हटकले) तर मध्यावर फुगीर लागतात. कारण सोपे आहे. तंतोतंत सरळ खांब दुरून कमरेत खंगल्यासारखा भासतो. म्हणून गवंड्यांनी दीडशे वर्षांपूर्वी त्याला मुद्दाम दोन बोटे पोट ठेवले. (तेथे एकतीस वर्षे दप्तर सांभाळल्यावर मला त्याचे नवल वाटत नाही. त्या दारात सरळ दिसायला सगळेच थोडी खटपट करतात.)

गेल्या मंगळवारी इमारत तपासायला इंजिनिअर बाई आल्या. खांबाला ओळंबा लावून म्हणाल्या, "याला पोट सुटलंय. भार सोसवत नाही. इमारत पाडावी लागेल." मी धावत जाऊन दप्तरातला मूळ नकाशा आणला आणि पाऊण तास समजावले. बाई समंजस, त्यांनी शेरा खोडला. तेव्हाच मी घरी जायचे, दाजी! पण माझा स्वभाव तुम्ही जाणताच. "आलाच आहात तर मोठं दालन बघा," म्हणालो. आणि तिथले सगळे छत एकाच सागवानी तुळईवर तोललेले आहे, हे छाती फुगवून सांगितले.

"ती कधी तपासली होती?"

"छे! दीडशे वर्षांत कोणी ठोकूनसुद्धा पाहिलं नाही!"

बाईंनी पुन्हा पेन काढले. शेजारचा शिपाई पुटपुटला, "अण्णा, आरोपीचं वकीलपत्रही तुम्हीच घेतलंत आणि कबुलीजबाबही तुम्हीच दिलात."

आता सोमवारपर्यंत तुळई धड असल्याचा जाणत्या सुताराचा दाखला आला नाही, तर पाडकाम.

ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. : तुम्ही चाळीस वर्षे लाकडात काढलीत. रविवारी याल का?

ता. क. दुसरा : दाखला मात्र खराच द्या. काल शिडी लावून मी स्वतः तुळई ठोकून पाहिली. कोणाला सांगितलेले नाही. माझे कान गेले आहेत, असे तुम्ही म्हणालात तर फार बरे वाटेल. मला काय ऐकू आले, ते ताईलाही पडताळता येईल: आधी दाराच्या चौकटीवर बोटाचे पेर ठोकावे, मग कोंड्याच्या पोत्यावर. तुळईतून पहिला आवाज मला आला नाही.